पलंगाखालच्या सुकाणूवर विजयदुर्गापर्यंत

ईशान आणि रेवा,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू खरंच बोट चालवलीस?" मी हो म्हणाले आणि मागून तुमची आई हसली. तिचं हसणं मोडून काढण्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे. एकही गोष्ट वाढवलेली नाही. जिथे माझी चूक झाली तिथे तीही लिहिली आहे.

माधव म्हणजे माझा धाकटा भाऊ. आम्ही ग्वाल्हेरची माणसं. इथे पाणी म्हणजे तिघऱ्याचं धरण, आणि तेसुद्धा उन्हाळ्यात अर्धं होतं. तरी हा अठराव्या वर्षी घरातून उठला आणि मालवाहू जहाजांवर इंजिनियर झाला. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी शिडाची नौका घेतली. तिचं नाव 'शेवंती'. बायको गेल्यापासून तो दाभोळला त्या नौकेवरच राहतो. त्याची एकुलती एक मुलगी मुक्ता पुण्याला असते. ती तुमच्या आईहून लहान, पण हुकमाला मोठी.

मागच्या हिवाळ्यात हर्णैजवळ 'शेवंती'च्या सुकाणूची तार तुटली आणि एका मच्छीमार बोटीने माधवला दोराने ओढत बंदरात आणलं. हे मुक्ताला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. ती म्हणाली, "बाबा, आता बस. बोट विकायची." माधवने जेवण सोडलं, तिने बोलणं सोडलं. शेवटी माझ्या मध्यस्थीने ठरलं ते असं: माधवने 'शेवंती' दाभोळहून विजयदुर्गाला स्वतः न्यायची. कोणाचाही दोर न घेता पोचला, तर मुक्ता विक्रीचं नाव पुन्हा काढणार नाही. दोर घ्यावा लागला, तर विजयदुर्गाच्या धक्क्यावर गोव्याचे एक गृहस्थ उभे असतील आणि बोट त्यांची. माधवने कबूल केलं आणि साक्षीदार म्हणून मी बोटीवर जाणार असं मीच ठरवलं.

ग्वाल्हेर

आधी तुम्हाला सुकाणू समजायला हवं. बोटीवर मोटारीसारखं चाक असतं. चाकापासून एक तार मागे जाते आणि पाण्यातल्या सुकाणूच्या लोखंडी खांबाला फिरवते. तार तुटली की चाक नुसतं खेळण्यासारखं गरगर फिरतं आणि बोट ऐकत नाही. अशा वेळी त्या खांबाच्या डोक्यावर थेट एक दांडा बसवायचा आणि हाताने सुकाणू फिरवायचं. त्याला इमर्जन्सी टिलर म्हणतात. जुन्या काळच्या होड्यांना चाक नव्हतंच, हा दांडाच होता.

मी फोनवर माधवला विचारलं, "तुझ्याकडे हा दांडा आहे?"

"होता, जीजी. गंजला. करून घेईन."

आमच्या आजोबांनी दरबारच्या दफ्तरात जन्म काढला. त्यांचा नियम होता की यादीतली वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय तिच्यापुढे खूण करायची नाही. माधवने हा नियम कधीच पाळला नाही. मी त्याला खांबाचं माप आणि चित्र पाठवायला सांगितलं आणि फूलबागेपलीकडे रामसेवक मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये गेले. आपल्या हरिशंकरपुरमच्या बोअरवेलचा पंप तेच दुरुस्त करतात.

चित्र बघून ते म्हणाले, "अम्माजी, ये कौन से पंप का है?"

"पंप का नहीं, नाव का।"

"तिघरा वाली नाव?"

"समंदर वाली।"

त्यांनी लेथ बंद केली. चष्मा पुसला. "फिर तो हल्का माल नहीं लगाएँगे।"

अडीच फुटांचा जाड पाइप आणि त्याच्या टोकाला काटकोनात चौकोनी खोबण, खांबाच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी. चार दिवसांत तयार झाला. खोबणीला आरपार एक भोकही होतं. ते मी सांगितलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "फोटू में खंभे में छेद है, तो इसमें भी होगा। पिन लगा लेना।" मी मान डोलावली आणि पिन करून घ्यायला साफ विसरले. ही माझी पहिली चूक.

स्टेशनवर सामान तपासणाऱ्या शिपायाने पाइप बाहेर काढायला लावला. "माताजी, ये क्या है?" मी म्हटलं, नाव वळवायचा दांडा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रेल्वेच्या रुळांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाइए, जाइए।"

दाभोळ

दाभोळच्या खाडीत पोचले तेव्हा सकाळ होती. आपल्याकडे सकाळी डाळ भरलेली गरम बेडई आणि जिलेबी. इथे घावणं आणि ओल्या नारळाची चटणी. घावणं इतकं हलकं की तीन खाल्ली तरी आपण काही खाल्लं असं वाटेना. म्हणून चौथं घेतलं.

बोटीवर तिसरा माणूस बाबल तांडेल. वय साठ, अंगाने काटक, उभा जन्म पाण्यावर गेलेला. माधव मला जीजी म्हणतो म्हणून त्याने मला 'जीजीबाय' करून टाकलं. माझं मराठी ऐकून म्हणाला, "जीजीबाय, तुमी बोलता मराठीच, पण मधीच रेडिओ लागतो हिंदी."

मी पाइप पुढे केला. "आता हा बसवून दाखवा."

माधव हसला. "जीजी, आल्या आल्या परीक्षा? चहा तर पिऊन घे."

"चहा नंतर."

'शेवंती'त सुकाणूचा खांब मागच्या खोलीत आहे, पलंगाखाली. गादी काढली, फळी उचलली. खाली माधवची जुनी मासिकं, रंगाचे डबे आणि एक फुटका पंखा. ते सगळं उपसायला तास गेला. मग पाइप बसवला, तर वळवताना तो पलंगाच्या आडव्या फळीला आपटायला लागला. बाबलने करवत आणून फळी कापली. मग पाइप खांबावर डगमगायला लागला. माधवने माप घेतलं होतं ते रंगाच्या थरांसकट, आणि पाहुणी येणार म्हणून बाबलने आदल्या दिवशी खांब घासून लख्ख केला होता. आदरातिथ्यात अर्धा सूत कमी झाला! मी ग्वाल्हेरहून तिळाची गजक आणली होती, तिच्या डब्याचा पत्रा कापून खोबणीत पट्टी घातली, तेव्हा पाइप घट्ट बसला. मिस्त्रीच्या भोकात माधवने एक स्क्रू ड्रायव्हर खुपसला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"नाही. आता चालवून बघू."

पाइपाला दोन्ही बाजूंनी कप्प्या आणि दोर लावले, म्हणजे ताकद कमी लागते. दांड्यावर कोण बसणार? माधवला वर इंजिन आणि होकायंत्र बघायचं, बाबलला शिडं आणि नांगर. उरले मी. मी पलंगाच्या कडेवर बसले. खांब माझ्यासमोर, म्हणजे माझं तोंड बोटीच्या मागच्या बाजूला. बाहेरचं काही दिसत नव्हतं. एक वाटोळी खिडकी, तिच्यात आकाश. डोक्यावर झाकण उघडं, त्यातून माधवचा आवाज.

"उजवीकडे!"

मी विचार केला, दांडा डावीकडे नेला की बोट उजवीकडे जाते. शिवाय माझं तोंड उलट. म्हणजे कुठे? मी डोक्यात हिशेब केला आणि ओढलं. वर माधवनेही, मी उलट बसले आहे म्हणून, माझ्या सोयीसाठी हुकूम आधीच उलटा करून दिला होता. बोट नांगराभोवती नको तिकडे वळली.

"जीजी, उजवीकडे म्हणजे डावीकडे!"

"मग डावीकडे म्हण ना!"

"तुझं डावं की माझं?"

"तू शाळेतही असाच होतास!"

बाबल बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "दोघांनी येकमेकांची काळजी करायची सोडा. मग बोट जाईल सरळ."

तेच खरं होतं. कागद घेऊन मी चित्र काढलं, तेव्हा कळलं की दोन उलट मिळून सुलट होतं. मी पाठमोरी बसले असताना माझ्या डाव्या हाताला दांडा ओढला, तर बोट माधवच्या डाव्या हाताला वळते. कोणी कोणासाठी काही उलटायचं नाही. पण डावं-उजवं म्हटलं की माधवची जीभ आपोआप उलटत होती. पन्नास वर्षांची सवय.

मग मी त्याला विचारलं, "ताटात मीठ कुठे वाढतात?"

"डावीकडे."

"आणि भाजी?"

"उजवीकडे. हे काय विचारणं झालं?"

"याचा कधी विचार करावा लागला?"

त्याला कळलं. आईने एकदा त्याच्या पानात चटणी उजवीकडे वाढणाऱ्या काकूला भर पंगतीत सुनावलं होतं. हे हाडात गेलेलं असतं. नियम असा केला: प्रत्येकाने आपापल्या ताटात बघायचं, दुसऱ्याच्या नाही. डावीकडे वळायचं तर 'मीठ', उजवीकडे 'भाजी', आणि दांडा मधोमध आणायचा तर 'भात'. थोडं हवं तर चिमूटभर, जास्त हवं तर डावभर.

बाबल म्हणाला, "आमच्या ताटात डावीकडं मासळी नि उजवीकडं पण मासळीच. मी आपला गप बसतो."

दुपारपर्यंत वीस वेळा करून पाहिलं. एकही चूक झाली नाही. तेव्हा मी माझ्या यादीत दांड्यापुढे खूण केली आणि चहा प्यायले.

जयगड, रत्नागिरी

दोन दिवस असे गेले की लिहायला सुख वाटतं. सकाळी वारा जमिनीकडून येतो, दुपारी फिरून समुद्राकडून. इथली माणसं त्या वाऱ्याच्या वेळा आपल्या ऑफिसच्या वेळांसारख्या सांगतात. इंजिन बंद करून शीड भरलं की जो शांतपणा येतो तो मी कधी ऐकला नव्हता. नुसतं पाणी चिरल्याचा आवाज. माधव चाकावर उभा, पांढरे केस उडताहेत, आणि त्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा. मला तेव्हाच कळलं की बोट गेली तर हा दाभोळच्या कुठल्याशा खोलीत खुर्चीवर बसून राहील. मुक्ताची काळजी खोटी नव्हती. पण हेही खोटं नव्हतं.

जयगडला दीपगृहाखाली नांगर टाकला आणि कुळथाचं पिठलं-भात खाल्ला. आपल्याकडे कढी पिवळी आणि गरम, इथे सोलकढी गुलाबी आणि गार. मी तीन वाट्या प्यायले. रत्नागिरीला बाबलच्या बहिणीने मला शाकाहारी म्हणून इतकी कीव करून वाढलं की मी आजारी असल्यासारखं वाटायला लागलं.

विजयदुर्ग

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला, विजयदुर्ग आठ मैलांवर असताना, मी खाली भांडी आवरत होते. टप्प असा आवाज झाला, जाड दोरी तुटावी तसा. बोट एकदम आडवी झाली, कप घरंगळले आणि वरून माधव ओरडला, "तार गेली!"

मी वर गेले. चाक गरगर फिरत होतं. बाबलने शीड खाली ओढलं होतं आणि बोट लाटांवर आडवी डुलत होती. माधव चाकाकडे बघत उभा होता. नवी तार त्याने मागच्याच हिवाळ्यात घातली होती.

तेवढ्यात एक मच्छीमार बोट जवळ आली. बाबलच्या ओळखीची माणसं, हर्णैची गोष्ट ऐकलेली. त्यांच्यातला एक ओरडला, "काय रे बाबल, परत दोर देऊ?" आणि त्याने दोराचं वेटोळं हातात घेतलंही.

माधवने माझ्याकडे पाहिलं. "जीजी, एकटा असतो तर नसता घेतला. पण तू आहेस बोटीवर. घेतो."

मला राग आला. "माझं नाव पुढे करू नकोस. इंजिन चालू आहे?"

"आहे."

"उजेड किती वेळ?"

"चार तास."

"वारा?"

बाबल म्हणाला, "वाढायचा नाय."

"मग अर्धा तास मी दांड्यावर बसते. जमलं नाही तर दोर घेऊ, आणि मुक्ताला मी सांगीन."

त्या बोटीला माधवने हात जोडून सांगितलं, जरा सोबत राहा. मी खाली गेले. पाइप बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण काय आपटतं आणि काय डगमगतं हे सगळं आधीच कळून चुकलं होतं.

पहिली दहा मिनिटं आम्ही समुद्रावर रांगोळी काढली. "भाजी! डावभर! नको नको, मीठ! मीठ!" शेजारची बोट चाळीस हातांवर होती. त्यांच्यातला एक ओरडला, "वो काका, जेवला नाय का अजून?" सगळे खो खो हसले. माधवसुद्धा हसला, आणि हसल्यावर त्याचा आवाज खाली आला. मग मला उमगलं की सुकाणू ऐकायला वेळ घेतं. बोट वळायला लागली की लगेच परत आणायचं. थोडं आणि लवकर. त्यानंतर माधव नुसतं "चिमूट मीठ... भात... चिमूट भाजी... भात" म्हणत राहिला आणि मी दोर ओढत राहिले. खिडकीत कधी आकाश, कधी हिरवं पाणी. डिझेलच्या वासाने डोकं दुखत होतं. हात मात्र चालत होते.

अर्ध्या तासाने शेजारची बोट भोंगा वाजवून निघून गेली. दोर त्यांच्याकडेच राहिला.

मग एक मोठी लाट आली. बोटीचं बूड उचललं आणि खाली आपटलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाइप खांबावरून वर सरकला. माधवचा स्क्रू ड्रायव्हर वाकून पडला होता. अजून बोटभर सरकला असता तर दांडा हातात आणि सुकाणू पाण्यात, अशी गत झाली असती. मी पाइपावर पोटाने आडवी पडले आणि ओरडले, "बाबल! डाव दे!"

"जीजीबाय, आता खरंच वाढताय काय?"

"आमटीचा डाव! दांडा हवाय!"

त्याने वरून डाव टाकला. स्टीलचा, जाड दांड्याचा. मी तो मिस्त्रीच्या भोकात घातला आणि टाचेने ठोकला. बसला. हलला नाही. त्या माणसाने ग्वाल्हेरला बसून, आयुष्यात समुद्र न बघता, एक भोक जास्त पाडलं होतं.

पावणेपाचला माधवचा आवाज बदलला. "जीजी, किल्ला आला. त्याच्या पश्चिमेला पाण्याखाली खडक आहेत. लांबून वळसा घालतो. मी सांगेपर्यंत भात."

"भात," मी म्हटलं.

"भात... भात... किल्ला उजवीकडे आला... थांब... आता डावभर भाजी! धर तशीच!"

मी दोन्ही हातांनी दोर ओढून धरला. खिडकीत आकाश फिरलं आणि एकदम काळ्या दगडांची भिंत आली. इतकी उंच की तिचं टोक दिसेना. लाटा थांबल्या. किल्ल्याच्या आडोशाचं पाणी आपल्या तिघऱ्यासारखं सपाट होतं. माधव आता जवळजवळ कुजबुजत होता. "चिमूट मीठ. भात. भात." धक्क्यावरचे टायर बोटीला घासले, बाबलची पावलं धावली, इंजिन बंद झालं.

आम्ही पोचलो होतो. दोर न घेता, स्वतःच्या सुकाणूवर! मी त्या पलंगावर बसून एकटीच टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर येऊन थांबलेल्या मुक्ताचा आवाज वरून आला. "बाबा, तुम्ही चाकाला हातही न लावता काय ओरडत होतात? चाकावर कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग बोट कोण चालवत होतं?"

"आत्या."

"आत्या कुठे आहे?"

"पलंगाखाली."

ती धडधडत खाली आली. कापलेली फळी, कप्प्या, दोर, गजकच्या डब्याची पट्टी, भोकातला डाव, आणि मी, केस सुटलेले, तळहात लाल. तिने पाइप धरून हलवून पाहिला. मग वर गेली. मीही तिच्यामागे गेले.

गोव्याचे गृहस्थ टोपी हातात घेऊन झाकणातून खाली वाकून बघत होते. "मॅडम, अशी बोट मला हवीच. तार तुटूनही आली म्हणजे काय!"

मुक्ताने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती बाबलकडे वळली. "बाबलकाका, खरं सांगा. दोर घेतला होतात?"

"दोर आला होता दारापर्यंत," बाबल म्हणाला. "जीजीबायनं परत पाठवला."

मुक्ता त्या गृहस्थांना म्हणाली, "माफ करा. तुम्हाला उगाच यायला लावलं. बोट विकायची नाही."

माधव तुटलेल्या तारेचं टोक बोटांत घेऊन उभा होता. मुक्ता त्याच्याजवळ गेली आणि तिने ते टोक त्याच्या हातातून काढून उन्हाकडे धरून पाहिलं.

"बाबा, ही कमी जाडीची होती. आता चांगली घ्यायची. किती मीटर लागेल?"

ज्या माणसाने जन्मभर जहाजांची इंजिनं उघडली त्याला ते पटकन सांगता येईना. "मोजतो," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून जिना उतरून खाली गेला.

मी पर्समधून मोजायची टेप काढून पुढे केली होती. ती माझ्या हातातच राहिली. मुक्ताने ती पाहिली, मी मुक्ताकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनीही त्याला हाक मारली नाही.

तुमची,
आजी